गोचीड घेऊन जा गे मारबत

2024 चा पोळा 2 सप्टेंबरला होता. आदल्या संध्याकाळी, खांदशेकणीला, मामाजी, म्हणजे माझे सासरे, दोन्ही बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळत बसले होते आणि आमचा कुत्रा भुऱ्या गव्हाणीखाली पडून होता. एरवी लोण्याचा वास आला की तो मधेमधे लुडबुड करतो, मामाजींच्या शिव्या खातो, शेवटी बोट चाटायला मिळालं की गप्प बसतो. त्या दिवशी त्याने नुसते डोळे वर करून पाहिलं आणि मान पुन्हा पायावर ठेवली. पण पोळ्याच्या घाईत कुत्र्याकडे कोण पाहतं? बैलांना आंघोळ, बैलांना झूल, बैलांना पुरणपोळी. कुत्रा घरचाच, तो कुठं जातो!

करीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळी आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, दाराशी लावलेले पळसाच्या फांद्यांचे मेढे उचलले आणि गावाबाहेर टाकायला निघाल्या. मारबत घरची इडापिडा सोबत घेऊन जाते म्हणतात. मागे माझी पोरगी बोंबलत होती, "ढेकूण, मोंगसा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" मधेच तिने आपल्या मनाचं एक घातलं, "भुऱ्याचे गोचीड घेऊन जा गे मारबत!" आम्ही सगळे हसलो. घरात ते खरोखर पाहिलेलं एकटी तिनंच होतं.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. कोरडवाहू शेती, कापूस, तूर, सोयाबीन. सोयाबीन भरायला आलं की रानडुकरं आणि रोही रात्रभर सुख लागू देत नाहीत, म्हणून हे जागलीला जातात आणि भुऱ्या त्यांच्या पुढे. त्या आठवड्यात दोन रात्री तो फाटकापर्यंत गेला आणि परत येऊन झोपला. "म्हातारा झाला का बे?" म्हणून हे एकटेच गेले. भुऱ्या तेव्हा चार वर्षांचा होता.

5 तारखेला सकाळी ओसरी झाडताना सारवणावर लाल थेंब दिसले, चार-पाच, ओळीत. मी समजले मामाजी खर्रा थुंकले. चांगलीच तणतणले. मामाजी म्हणाले, "काहून वं सूनबाई, मी काय ओसरीत थुंकतो का?" तेव्हा लक्ष गेलं. भुऱ्याच्या डाव्या नाकपुडीतून रक्त येत होतं. सावकाश, एक एक थेंब.

मी त्याच्याजवळ बसून कान उलटा केला आणि अंगावर काटा आला. कानाच्या आतल्या घडीत गोचीडच गोचीड. काही तिळाएवढे तपकिरी, काही रक्त पिऊन फुगलेले, राखाडी, चकचकीत, हुबेहूब एरंडीच्या बिया. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या बुडाशी, गळ्यातल्या पट्ट्याखाली, सगळीकडे. पट्टा मीच हौसेने दारव्ह्याच्या बाजारातून आणला होता, आणि वर्षभर एकदाही काढून पाहिला नव्हता.

मग सल्ले सुरू झाले. शेजारचे काकाजी म्हणाले, "त्यात काय आहे? फवारणीचं औषध झाकणभर पाण्यात टाका अनं चोळून द्या. एका दिवसात साफ." मामाजींनी मान हलवली. मी मात्र आडवी आले, कारण आमचा आधीचा कुत्रा असाच गेला होता. तेव्हा त्याला कपाशीचं औषध लावलं, त्याने अंग चाटलं, तासाभरात तोंडाला फेस, पाय थरथर, आणि आम्ही पान लागलं म्हणून रडत बसलो. साप नव्हता, औषधच होतं, हे मला फार उशिरा समजलं. 2017 साली याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. जे औषध तोंडाला फडकं बांधून मारतात आणि तरी माणूस मरतो, ते कुत्र्याच्या कातडीला चोळायचं!

आत्याबाईंचं वेगळंच. "अंग तापून राह्यलं त्याचं, आपली तापाची गोळी दे." गोळी माझ्या हातात होती. दिली नाही ती शहाणपणाने नाही, पाणी आणायला उठले आणि तेवढ्यात यांनी गाडी काढली म्हणून. पण त्या दिवशी दवाखाना गाठेपर्यंत डॉक्टर दुसऱ्या गावी लम्पीच्या लसीकरणाला निघून गेले होते. परत आलो. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, पुन्हा.

वीस किलोचा कुत्रा मोटारसायकलवर न्यायचा म्हणजे मागे मी, मधे बारदान्यात गुंडाळलेला भुऱ्या, डोकं तेवढं बाहेर. रस्त्यात जो तो विचारतो, "बकरी घेतली काय?" कुत्र्याला दवाखान्यात नेतो म्हटलं की हसतो. बैल नेला असता तर कोणी हसलं नसतं. पण जागलीला बैल येत नाही.

आमच्याकडचा जनावरांचा दवाखाना म्हणजे खरं तर गाईबैलांचा. अंगणात लोखंडी खोडा, त्यात एक म्हैस उभी होती, आणि कुत्र्यासाठी टेबल नाही. पायरीवरच तपासलं. डॉक्टरसाहेबांनी आधी ताप पाहिला, शेपटीखालून. 104.8. मामाजींसाठी ऐकून ठेवलेली एक गोष्ट इथंच सांगते: कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, साडे 102 पर्यंत त्याला ताप म्हणत नाहीत. नंतर मामाजी रोज हात लावून "ताप आहे, ताप आहे" करायचे, तेव्हा हेच सांगून त्यांना गप्प केलं.

मग डॉक्टरांनी ओठ वर करून हिरडी दाखवली. गुलाबी असायला हवी ती चुनखडीसारखी. बोटाने दाबून सोडलं तर रंग परत यायला वेळ लागत होता. "दोन सेकंदांत परत यायला पाहिजे," म्हणाले. पोटावरचे केस बाजूला केले तर कातडीखाली बारीक लाल ठिपके, सुईने टोचल्यासारखे. कानाच्या टोकातून थेंबभर रक्त काचेवर पसरवून त्यांनी आतल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "गोचीड ताप दिसतो, ताई. एर्लिकिया म्हणतात त्या जंतूला. तो काचेवर बहुतेक वेळा सापडत नाही, मलाही सापडला नाही. पण रक्त गोठवणाऱ्या पेशी फारच कमी आहेत, म्हणून नाकातून रक्त."

नक्की आकडा पाहिजे म्हणून जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त काढून दिलं. तालुक्यातल्या एका लॅबवाल्याने कुत्र्याचं म्हटल्यावर नळी हातातही घेतली नाही. शेवटी बर्फाच्या पिशवीत नळी ठेवून हे यवतमाळला गेले. प्लेटलेट आल्या 41 हजार. कुत्र्याच्या साधारण दोन लाखांच्या वर असतात. तोवर डॉक्टरांनी गोळी सुरू केलीच होती. रिपोर्टची वाट पाहत बसायचं नसतं म्हणाले.

गोळीसाठी वजन पाहिजे. दवाखान्यात लहान जनावराचा काटा नव्हता. रस्त्यापलीकडे सोयाबीन-तूर घेणाऱ्या अडत्याकडे गेलो. त्याने बारदान्यासकट भुऱ्या काट्यावर ठेवला आणि विचारलं, "ओलावा किती धरू?" बारदाना वजा जाता 19 किलो. महिनाभरापूर्वी नक्कीच बावीस-तेवीस असेल. डॉक्सीसायक्लीन, 100 मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ एक एक, 28 दिवस. म्हणजे 56 गोळ्या. माणसांच्या मेडिकलमध्येच मिळतात. उपाशीपोटी द्यायची नाही, उलटी होते. दुधातून द्यायची नाही, दुधाने गोळीचा असर कमी होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, "तिसऱ्या दिवशी तो पळायला लागेल. तेव्हा गोळी बंद कराल, तर सहा महिन्यांनी पुन्हा याल, आणि तेव्हा माझ्या हातात काही नसेल."

मी निघताना तापाच्या गोळीचं विचारलं, सहज. डॉक्टर हातातलं काम सोडून माझ्याकडे वळले. "कुत्र्याला देऊ नका. आणि घरात मांजर आहे का?" आहे म्हटलं. "तिला तर चुकूनही नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजर मारायला पुरते. तिचं शरीर ते पचवूच शकत नाही." सरकीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. सरकी आमची मांजर, कापूस भरलेल्या खोलीत गंजीवर जन्मली म्हणून सरकी. तिला थोडी शिंक आली तरी आत्याबाई डबा उघडून गोळ्या चाळतात.

त्या रात्रीपासून मी बचत गटाच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर रकाने आखले. तारीख, सकाळ, संध्याकाळ, ताप, हिरडी. बायका हप्ता द्यायला आल्या की पान उलटून पाहायच्या आणि "भुऱ्यानं कर्ज घेतलं काय वं?" म्हणायच्या.

भुऱ्या लबाड. भाकरीच्या तुकड्यात गोळी घातली तर भाकर खातो, गोळी ओसरीच्या कडेला नेऊन ठेवतो. पहिल्या तीन दिवसांत दोन गोळ्या मला खाटेखाली सापडल्या. मग जबडा उघडून जिभेच्या मागे गोळी ठेवायची, तोंड मिटून गळा चोळायचा, वर चमचाभर पाणी, हे शिकले. पाणी पाहिजेच, नाहीतर ती गोळी अन्ननळीत अडकून जखम करते.

तिसऱ्या दिवशी, डॉक्टर म्हणाले तसंच, त्याने शेपूट हलवली. चौथ्या दिवशी खाल्लं. पाचव्या दिवशी कोंबडीमागे पळाला. हे म्हणाले, "झाला की बरा. उरलेल्या गोळ्या ठेव, पुढच्या खेपेला कामी येतील." खोटं कशाला सांगू, माझ्याही मनात तेच आलं होतं. महालक्ष्म्या तोंडावर होत्या, आंबील, सोळा भाज्या, पाहुणे. त्यात कुत्र्याची गोळी! 11 तारखेला पूजेच्या दिवशी सकाळची गोळी पुरणाच्या गोळ्यातून दिली, ती त्याने इतक्या आनंदाने गिळली की मला स्वतःचा राग आला, हे आधी का नाही सुचलं. आणि त्याच संध्याकाळची विसरले. रात्री अकराला भांडी घासून अंग टाकलं आणि रजिस्टर आठवलं. उठून दिली. रकान्यात "संध्याकाळ" समोर "रात्री 11.10" असं अजूनही लिहिलेलं आहे.

पण गोळी हा या कामाचा सोपा भाग होता. खरं काम भिंतीचं होतं.

मी रोज संध्याकाळी चिमट्याने गोचीड काढत होते. कातडीला लागून पकडायचा, सरळ ओढायचा, पिळायचा नाही, बोटांनी चिरडायचा तर नाहीच, आणि साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाकायचा. पहिल्या दिवशी पोरीने 63 मोजले. दुसऱ्या दिवशी 40. आठव्या दिवशी पुन्हा 35. मी डॉक्टरांना फोन केला की तुमचं काहीतरी चुकतंय. ते म्हणाले, "कुत्र्यावरचे किती काढाल? त्याच्यावर आहेत त्याच्या कितीतरी पट तुमच्या घरात आहेत. रात्री बॅटरी घेऊन भिंत पाहा."

रात्री मी आणि पोरगी ओसरीच्या भिंतीशी बॅटरी घेऊन उभ्या राहिलो. मातीच्या भिंतीच्या भेगेत, छताच्या बल्लीला लागून, माझ्या डोक्याच्या वर, एक फुगलेली मादी आणि तिच्यापुढे मोहरीच्या दाण्यांपेक्षा बारीक तपकिरी अंड्यांचा ढीग. एक मादी हजारोंनी अंडी घालते. पिल्लू निघतं ते सहा पायांचं, कुत्र्यावर चढून रक्त पितं, खाली पडतं, भेगेत जाऊन कात टाकतं, आठ पायांचं होतं, पुन्हा चढतं, पुन्हा पडतं, पुन्हा कात, मग मोठं होऊन तिसऱ्यांदा चढतं. दर खेपेला मुक्काम भिंतीत. मोठा गोचीड तर उपाशीपोटी महिनोन् महिने तग धरतो. भुऱ्या म्हणजे त्यांची खानावळ होती, घर आमचं होतं.

मामाजींचा पक्का समज होता की हे गोठ्यातून, बैलांवरून आलं. हेही डॉक्टरांना विचारलं. कुत्र्याच्या घरात वाढणारा हा तपकिरी गोचीड वेगळा, बैलांवरचे वेगळे. बैलांची बदनामी टळली म्हणून मामाजी खूश झाले, पण काम मात्र वाढलं, कारण आता ओसरी आणि आतली खोली धरायची होती.

महालक्ष्म्या उठल्यावर, 13 तारखेला, आम्ही कामाला लागलो. भिंतीला टेकवलेल्या तुराट्या आणि मागच्या वर्षीच्या पऱ्हाट्यांचा ढीग आधी हलवला, त्याखाली काय निघालं ते लिहीत नाही. भुऱ्या झोपतो ते पोतं जाळलं. ओट्याच्या दगडांच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतलं. भेगा यांनी सिमेंटने भरल्या, वरच्या भेगा मामाजींनी चिखलाने, कारण सिमेंट संपलं. मग डॉक्टरांनी दिलेलं औषध, त्यांनी सांगितलेल्या मापात, खालपासून बल्लीपर्यंत फवारलं. त्यासाठी नवा हातपंप आणला. शेताचा पंप वापरायचा नाही, त्यात कपाशीच्या औषधाचा अंश राहतो, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. यावर आमच्या घरात बरीच वादावादी झाली, पंपाचे पैसे मी गटाच्या खात्यातून नाही, माझ्या शिलाईच्या पैशांतून दिले, हे नमूद करते.

सरकीचं काय करायचं हा मोठा प्रश्न. ही औषधं ओली असेपर्यंत मांजरीला फार घातक. कुत्र्यापेक्षा कितीतरी घातक, आणि ती दिवसभर स्वतःला चाटते, म्हणजे पायाला लागलेलं सगळं पोटात. म्हणून तिला सकाळीच पिशवीत घालून जाऊबाईंकडे, गावाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन कोंडलं. दोन दिवस ठेवायचं ठरलं होतं. संध्याकाळी सहाला बाईसाहेब आमच्या ओसरीच्या कडेवर हजर! भिंत अजून ओली. पोरीने झडप घालून उचलली, आम्ही तिचे चारही पाय साबणाच्या कोमट पाण्याने धुतले, ती ओरडली, माझ्या मनगटावर तीन ओरखडे. रात्रभर कापसाच्या खोलीत तिच्याजवळ बसले, लाळ गळते का, कान फडफडतात का, अंग थरथरतं का पाहत. काही झालं नाही. सकाळी तिने उंदीर आणून माझ्या पायाशी टाकला.

यवतमाळहून भुऱ्यासाठी चावून खायची गोचिडाची गोळी आणली, एका गोळीचा असर बारा आठवडे. किंमत दीड हजाराच्या वर. हे कळल्यावर मामाजी अर्धा तास बोलले नाहीत, मग म्हणाले, "एवढ्यात माह्या गुडघ्याचं औषध आलं असतं." बरोबरच होतं. पण गोचीड चढला की मरणार, अंड्यांपर्यंत पोचणारच नाही, हा हिशोब मी त्यांना दोनदा मांडून दाखवला. अंड्यांवर औषध चालत नाही, म्हणून दोन आठवड्यांनी भिंत पुन्हा फवारली. या खेपेला सरकीला कोंडलेल्या खोलीला कुलूप होतं.

28 सप्टेंबरला रेबीज दिनाची लस होती. सरकीला धान्याच्या पिशवीत घालून नेलं आणि टोचून आणलं. मांजरीलाही ती लस लागते हे गावात कोणाला पटत नाही. भुऱ्याला त्या दिवशी दिली नाही, आधी उपचार पुरा होऊ दे म्हणाले. त्याला ऑक्टोबरात दिली. तिथं रांगेत एका आजोबांनी पायाची जुनी खूण दाखवली, कुत्रा चावल्यावर त्यांच्या आईने तिखट भरलं होतं म्हणे. नर्सबाई तिथंच मोठ्याने सांगत होत्या, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि सरळ दवाखाना गाठा. आजोबा म्हणाले, "पंधरा मिनिटं? आमच्याकडे नळच दहा मिनिटं येते."

56 वी गोळी 4 ऑक्टोबरला सकाळी दिली. घट बसून एक दिवस झाला होता. प्लेटलेट पुन्हा तपासल्या, 2 लाख 10 हजार. वजन 22 किलो, त्याच अडत्याच्या काट्यावर. तो आता भुऱ्याला "आपला माल" म्हणतो.

कापसाच्या पहिल्या वेच्याला शेतात सीतादहीची पूजा केली, तेव्हा दहीभाताचा एक मुटका भुऱ्याच्या वाट्याला आला. त्या रात्री तो जागलीला गेला. पहाटे दोघे परतले, भुऱ्याचे पाय चिखलाने भरलेले. मी चूल पेटवत होते. मामाजी काठी टेकत ओसरीत आले, खाली बसले, बॅटरी दाताखाली धरली आणि भुऱ्याचा डावा कान उलटा केला. मग उजवा. मग एक एक बोट फाकवून बेचके. मला वाटलं त्यांना माहीत नाही मी पाहते ते.

"सूनबाई," आतूनच ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "लिही. आज एक. थोही मेलेला."